मोकळेपणाने राहता येईल आणि परवडेलही, अशी वस्ती समलिंगी जोडप्याने कशी निवडावी?

प्रश्न (नवे बिऱ्हाड)

नमस्कार. मी आणि माझा जोडीदार अनेक वर्षांपासून एकत्र राहत आहोत आणि आता कामानिमित्त एका मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवणार आहोत. आम्ही दोघेही पुरुष आहोत. त्याला रुग्णालयात पाळीचे काम मिळाले आहे, म्हणजे कधी पहाटे घर सोडावे लागेल, तर कधी मध्यरात्रीनंतर परतावे लागेल. माझे काम घरूनच चालते, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ त्या घरात आणि त्या वस्तीत मीच असेन. घर भाड्याने घ्यायचे आहे. विकत घेण्याचा विचार सध्या नाही.

अडचण अशी आहे की, त्या शहरात समलिंगी लोकांची म्हणून प्रसिद्ध असलेली जी वस्ती आहे, तिथे लहानसे घर घेतले तरी आमच्या एकत्रित उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग भाड्यात जाईल. भाडे आवाक्यात असलेल्या वस्त्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्याविषयी विचारले की "तिकडे कोणालाच काही त्रास नसतो" एवढेच उत्तर मिळते, आणि हे उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांना या कारणासाठी त्रास होण्याचा संभवच नसतो. वस्तीकडून आम्हाला फार काही नको आहे. दारावर दोघांची नावे लावता यावीत, संध्याकाळी सोबत फिरताना सारखे मागे वळून पाहावे लागू नये आणि दोघांपैकी एक आजारी पडला तर शेजाऱ्याने दुसऱ्याला निःसंकोच कळवावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.

ज्यांनी असा शोध घेतला आहे त्यांना माझे विचारणे असे : भाडे आणि निर्धोकपणा यांचा मेळ कसा घालावा, करार करण्यापूर्वी वस्तीची पारख नेमकी कशावरून करावी, आणि घरमालकाला आपल्या नात्याविषयी आधी सांगावे की नाही?

उत्तर १ (जुना रहिवासी)

तुम्ही ज्या प्रकारच्या प्रसिद्ध वस्तीचा उल्लेख केला आहे, तशा एका वस्तीत मी दीर्घकाळ राहिलो आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहितो. अशा वस्त्या महाग का होतात हे लक्षात आले की कमी भाड्याची आणि तरीही मोकळी वस्ती कुठे शोधायची याचा अंदाज येऊ लागतो.

यांपैकी बऱ्याच वस्त्या मुळात स्वस्त होत्या आणि म्हणूनच आपल्या लोकांच्या झाल्या. सॅन फ्रान्सिस्को शहरातील कॅस्ट्रो हा भाग पूर्वी कामगार कुटुंबांचा होता आणि त्यांत आयरिश वंशाची कॅथलिक कुटुंबे पुष्कळ होती. ती कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली तशी तिथली जुनी व्हिक्टोरियन घरे कमी पैशांत मिळू लागली, आणि समलिंगी पुरुषांनी ती घेऊन दुरुस्त केली. समलिंगी हक्कांसाठी लढणारे हार्वी मिल्क यांनी १९७३ मध्ये तिथे कॅमेऱ्याचे दुकान उघडले, १९७७ मध्ये ते शहराच्या प्रतिनिधी मंडळावर निवडून आले आणि १९७८ मध्ये नोकरी व घर या दोन्ही बाबतींत समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा नियम शहराने मंजूर केला. माद्रिदमधील चुएका ही १९८० च्या दशकात अमली पदार्थांमुळे बदनाम झालेली वस्ती होती. लोक तिथे जाणे टाळत असत. पॅरिसच्या मारे भागातील जुने वाडे पडझडीला आले होते. त्यांचे जतन करण्याचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे समलिंगी लोकांची भेटण्याची ठिकाणे उघडू लागली. आज या तिन्ही ठिकाणी सामान्य पगारदाराला घर मिळणे अवघड झाले आहे. लोकांनी टाळलेला भाग आपण राहण्याजोगा करायचा, मग त्याचे नाव व्हायचे, आणि नाव झाले की भाडे वाढून ज्यांनी तो घडवला त्यांच्यातलेच कमी मिळकतीचे लोक बाहेर पडायचे, असा हा क्रम आहे. मिल्क यांनाही भाडेवाढीमुळे आपले दुकान दुसरीकडे हलवावे लागले होते.

आता बाहेर पडलेली ही माणसे कुठे गेली, हे पाहा. ती शहरभर विखुरली नाहीत. बरीचशी शेजारच्या वस्त्यांमध्ये गेली. सिडनीत ऑक्सफर्ड स्ट्रीटचा परिसर महाग झाल्यावर न्यूटाउन आणि अर्स्किनविल हे भाग आपलेसे झाले, टोरांटोत चर्च आणि वेलस्ली या रस्त्यांभोवतीच्या जुन्या वस्तीखेरीज पश्चिमेकडील क्वीन स्ट्रीटला ओळख मिळाली, आणि माद्रिदमध्ये लावापिएस पुढे आले. अमीन गझियानी या समाजशास्त्रज्ञांनी अशा वस्त्यांचा बराच अभ्यास केला आहे, आणि आता शहरात एकच केंद्र उरलेले नसून लहान लहान बेटांचा समूह तयार होतो आहे, असे ते मांडतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, नकाशावर प्रसिद्ध वस्ती शोधा आणि तिच्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या किंवा बसच्या मार्गावर पुढची दोन-चार स्थानके तपासा. मित्रमंडळ, आपल्याला समजून घेणारा डॉक्टर, सल्लाकेंद्र हे सारे जवळ राहते आणि भाडे मात्र बऱ्याचदा पुष्कळ उतरलेले असते.

दुसरा उपाय फारसा कोणी वापरत नाही. काही देशांत समलिंगी विवाहावर थेट जनमत घेतले गेले आणि त्याचे निकाल मतदारसंघानुसार प्रसिद्ध आहेत. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये झालेल्या टपाली मतदानात देशभर ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. पण सिडनी शहराच्या मध्यभागी असलेल्या मतदारसंघात होकार ८३.७ टक्के होता, तर त्याच महानगराच्या पश्चिमेकडील ब्लॅक्सलँड या मतदारसंघात तो २६.१ टक्के होता. शहर एकच, परंतु अंतर किती मोठे आहे हे यावरून कळते. आयर्लंडमध्ये २०१५ च्या सार्वमतात ४३ मतदारसंघांपैकी केवळ एकाने नकार दिला होता. जिथे असे मतदान झालेले नाही तिथे स्थानिक निवडणुकांतील उमेदवारांची या विषयावरील भूमिका आणि त्यांना मिळालेली मते पाहता येतात. अर्थात मतदारसंघ म्हणजे तुमची गल्ली नव्हे, आणि ब्लॅक्सलँडमध्येही चारांतील एकाहून अधिक मते आपल्या बाजूची होती, म्हणून या आकड्यांवरून एखादी वस्ती बाद करू नका. कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते ठरवण्यापुरताच त्यांचा उपयोग करा.

उत्तर २ (दोघींचे घर)

जुना रहिवासी यांनी लिहिलेला इतिहास खरा आहे, पण तो मुख्यतः पुरुषांचा आहे. आम्ही दोघी स्त्रिया आहोत, आणि दोन स्त्रियांची मिळकत एकत्र केली तरी ती दोन पुरुषांच्या मिळकतीइतकी बहुधा भरत नाही, त्यामुळे स्त्रियांच्या वस्त्या सुरुवातीपासूनच थोड्या बाजूला, थोड्या कमी भाड्याच्या आणि कमी दिसणाऱ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचा पार्क स्लोप हा भाग असाच स्त्री जोडप्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचे १९७४ मध्ये स्थापन झालेले अभिलेखागारही नंतर तिथल्याच एका घरात गेले. आज तोही भाग महागड्या भागांत मोडतो. सांगायचा मुद्दा असा की, मद्यगृहे आणि समलिंगी समुदायाचे इंद्रधनुषी झेंडे असलेला रस्ता शोधाल तर तुम्हाला रात्रीची वस्ती सापडेल. जिथे आपले लोक संसार करून राहतात ती दिवसाची वस्ती ग्रंथालय, दवाखाना आणि शाळा यांच्या आसपास सापडते. तुम्ही दिवसभर घरी असणार आहात, त्यामुळे तुमच्या दृष्टीने दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

पारख कशी करावी, यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण घर पाहायला जाणारी बहुतेक माणसे सुटीच्या दिवशी दुपारी जातात आणि त्या वेळी प्रत्येक वस्ती शांत आणि सोज्वळ दिसते. कामाच्या दिवशी सकाळी जा, सुटीच्या आदल्या रात्री उशिरा जा, आणि मुख्य म्हणजे तुमचे जोडीदार पाळी संपवून ज्या वेळी परततील नेमक्या त्या वेळी स्थानकापासून त्या घरापर्यंत चालत जा. रस्त्यावर दिवे कुठे आहेत, कोणत्या वळणावर टोळकी उभी राहतात, वाटेत उघडे असलेले एखादे तरी ठिकाण आहे का, हे त्या चालण्यातच कळते. एकदा दोघांनी मिळून चाला आणि एकदा प्रत्येकाने एकट्याने चाला. दोघे जवळजवळ चालत असताना लोकांची नजर आणि एकट्याने चालताना मिळणारी नजर यांत जो फरक पडतो, तोच तुमच्या प्रश्नाचे उत्तर असतो.

त्यानंतर त्या इमारतीत आणि गल्लीत कोणकोणत्या प्रकारची घरे आहेत ते पाहा. जिथे एकटी राहणारी माणसे आहेत, एकट्याने मूल वाढवणारी आई किंवा वडील आहेत, विद्यार्थी आहेत, म्हातारी जोडपी आहेत, बाहेरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत, तिथे कोणाचाच संसार दुसऱ्यासारखा नसतो आणि त्यामुळे तुमच्या संसाराकडे बोट दाखवायला कोणी फारसे जात नाही. याउलट सगळे एकाच घडणीचे असतील तर ते कितीही सज्जन असले तरी वेगळे घर चटकन उठून दिसते. माझ्या मते भाडेकरूंनी पाहावयाची ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे, आणि तिला कसलाही खर्च नाही.

लोकांशी बोलताना "इथे काही त्रास आहे का" असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी "नाही" असेच येते. "आमच्यासारखी जोडपी इथे राहतात का, आणि केव्हापासून राहतात" असे विचारा. ग्रंथपाल, औषधांच्या दुकानातील माणूस, दवाखान्यातील नोंदणी करणारी व्यक्ती यांना विचारले तर उत्तराच्या शब्दांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावरून अधिक समजते. ज्यांनी ती वस्ती सोडली असे कोणी भेटले तर त्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐका.

भाड्याबद्दल एक गोष्ट. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक भाडे नसावे, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्याचा उगम अमेरिकेतील सरकारी घरांच्या भाड्यावर घातलेल्या मर्यादेत आहे. ती १९६९ मध्ये २५ टक्के होती आणि १९८१ मध्ये ३० टक्के करण्यात आली. त्यात प्रवासखर्च धरलेला नाही. घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत राहावे, असा हिशेब शिकागोतील सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था मांडते, आणि तुमच्या बाबतीत तोच अधिक उपयोगी पडेल, कारण दूरच्या स्वस्त घरात राहून मध्यरात्री दर वेळी भाड्याची गाडी करावी लागली तर भाड्यात वाचलेले सारे पैसे तिथेच जातील, आणि ती गाडी मिळाली नाही तर निर्धोकपणाही जाईल.

उत्तर ३ (भाडेकराराचे काम)

मी घरांच्या भाडेव्यवहारांत काम करतो आणि समलिंगी जोडप्यांचे करार माझ्या हातून होत असतात. वस्तीविषयी वर पुष्कळ आले आहे; मी कराराविषयी आणि पैशांविषयी लिहितो, कारण माझ्या अनुभवात जोडप्यांना वस्तीपेक्षा दाराशीच अधिक अडवले जाते.

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०११ मध्ये ५० महानगरांत एक पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. भाड्याच्या एकाच जाहिरातीला दोन ई-मेल पाठवले गेले, एक स्त्री-पुरुष जोडप्याकडून आणि दुसरा समलिंगी जोडप्याकडून. बाकी मजकुरात महत्त्वाचा फरक नव्हता. पुरुष जोडप्यांच्या बाबतीत १५.९ टक्के आणि स्त्री जोडप्यांच्या बाबतीत १५.६ टक्के चाचण्यांत स्त्री-पुरुष जोडप्याला झुकते माप मिळाले, आणि हा फरक बहुधा असा होता की समलिंगी जोडप्याला उत्तरच आले नाही. ज्या राज्यांत भेदभावविरोधी कायदा होता तिथे हे प्रमाण कमी आढळले नाही. नकार तोंडावर दिला जात नाही, त्यामुळे तो सिद्ध करणेही कठीण जाते. म्हणून एखाद्या वस्तीतून उत्तरे येईनाशी झाली तर आपल्याच अर्जात काही उणे असेल असे समजू नका, आणि एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी चौकशी चालू ठेवा.

कायद्याचा उपयोग नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने घर देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास बंदी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने अशी बंदी १९८२ मध्येच घातली होती. मालक त्याच घरात स्वतः राहत असेल तर काही ठिकाणी त्याला या बंदीतून सूट असते, हे ध्यानात ठेवून अशा घरात जाण्यापूर्वी अधिक चौकशी करा. भारतात २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे विवाहाच्या दाखल्याऐवजी करारावरील नावांवर अवलंबून राहावे लागते.

आणि हीच माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे : भाडेकरारावर दोघांचीही नावे भाडेकरू म्हणून घ्या. एकाच्या नावावर घर आणि दुसरा नुसता सोबत राहणारा, असे ठेवू नका. न्यूयॉर्कमध्ये लेस्ली ब्लँचर्ड यांच्या एकट्याच्या नावावर भाडेनियंत्रणाखालील घर होते आणि त्यांचे जोडीदार मिगेल ब्राशी दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्यासोबत तिथे राहत होते. १९८६ मध्ये ब्लँचर्ड वारले आणि मालकाने ब्राशी यांना घर सोडण्यास सांगितले. १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ब्राशी यांना कुटुंबातील व्यक्ती मानता येईल असा निर्णय दिला. न्यायालयाने दोघांची एकत्रित बँक खाती विचारात घेतली, आणि इमारतीचा व्यवस्थापक व द्वारपाल त्या दोघांकडे जोडपे म्हणूनच पाहत असत, हेही विचारात घेतले. व्हिएन्नातील अशाच एका प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये आणि लंडनमधील प्रकरणात त्या वेळी तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००४ मध्ये हयात जोडीदाराच्या बाजूने निर्णय दिले. हे निर्णय आपल्या बाजूचे आहेत याचा मला आनंद आहे, पण शोकाच्या दिवसांत कोणालाही घरासाठी न्यायालयात जावे लागू नये असे मला मनापासून वाटते, आणि दोन सह्यांनी ते टळते.

आता पैशांचे. घर परवडते का, हे ठरवताना लोक दरमहा भाडे पाहतात. तुम्ही आणखी एक आकडा काढा : हे घर उद्या सोडावे लागले तर किती खर्च येईल? नवीन अनामत रक्कम, सामान हलवण्याचा खर्च, दलाली आणि दोन घरांचे भाडे एकाच वेळी भरावे लागेल असा एक महिना, हे सारे मिळून होणारी रक्कम कायम बाजूला ठेवता येईल इतकेच भाडे द्या. शेजारी वाईट निघाले, मालक बदलला, इमारतीत कोणी दारावर काही लिहून गेले, तर जे जोडपे महिन्याभरात निघू शकते त्याची स्थिती आणि ज्याला निघणे शक्यच नाही त्याची स्थिती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रसिद्ध वस्तीतील घरासाठी सारी शिल्लक ओतलेली जोडपी मी पाहिली आहेत. चांगल्या वस्तीत असूनही ती घरमालकाच्या मर्जीवर होती. करारात किमान मुदतीची अट असेल तर ती शक्य तेवढी कमी करून घ्या, आणि दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन घर सोडता येईल असे कलम घालून घ्या. भाडे थोडे कमी करून घेण्यापेक्षा हे कलम मिळवण्यात आपली रदबदली खर्च करावी, असे माझे मत आहे.

पुन्हा प्रश्न (नवे बिऱ्हाड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रसिद्ध वस्तीच्या पुढच्या स्थानकांकडे पाहण्याची सूचना आम्ही लगेच अमलात आणली आणि रुग्णालयाच्या मार्गावरचा एक भाग आम्हाला पसंत पडला आहे. रात्री चालून पाहिले. रस्ता उजेडाचा आणि रहदारीचा आहे, आणि भाडे व प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत बसते. मात्र तिथे आमच्यासारखी जोडपी आहेत की नाहीत हे कोणालाच सांगता आले नाही. शिवाय दलालाचे म्हणणे असे की, अर्जात "नाते" या रकान्यात "चुलतभाऊ" असे लिहावे, म्हणजे मालक काही विचारणार नाहीत. आम्हाला ते पटत नाही, पण घर हातचे जाईल अशी भीतीही वाटते.

उत्तर ४ (उपनगरातील कुटुंब)

तिथे तुमच्यासारखी जोडपी आहेत की नाहीत हे कोणाला सांगता आले नाही, यावरून ती नाहीत असे ठरत नाही. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांची नोंद ९९ टक्के काउंट्यांमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) आढळली होती, म्हणजे ज्या भागांचे या संदर्भात कधी नावही घेतले गेले नव्हते तिथेही ती राहतच होती. आम्ही दोघे पुरुष आणि आमची मुलगी अशाच एका नाव नसलेल्या उपनगरात राहतो. इथे झेंडा नाही, आपल्या लोकांसाठी वेगळे असे एकही ठिकाण नाही, आणि तरीही मुलीच्या शाळेत दोन वडिलांची नावे लिहिताना कोणी भुवई उंचावली नाही.

वर सगळ्यांनी वस्तीची पारख करण्याविषयी लिहिले आहे. मला दुसऱ्या बाजूविषयीही लिहावेसे वाटते, कारण ते सहसा राहून जाते. कमी भाड्याच्या वस्तीत आपण जातो तेव्हा तिथे आधीपासून राहणारी माणसे असतात आणि आपल्यासारखे दोन पगारांचे, मुले नसलेले जोडपे आले की पुढच्या करारात भाडे वाढवायला मालकांना धीर येतो. जुना रहिवासी यांनी सांगितलेल्या क्रमात बाहेर पडणारे केवळ आपलेच लोक नव्हते. चुएका आणि कॅस्ट्रोमधील जुन्या रहिवाशांनाही घरे परवडेनाशी झाली. म्हणून मागितले तेवढे भाडे देऊन मोकळे होऊ नका, शेजारी काय भाडे देतात ते विचारा, आणि भाडेकरूंची संघटना असेल तर तिच्यात सामील व्हा. ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. तिथे तुमचे नाते हा चर्चेचा विषय नसतो. पाण्याची गळती आणि भाडेवाढ हे विषय असतात, आणि त्यांवर एकत्र काम करता करता शेजारी तुमच्या दोघांची विचारपूस एकत्रच करू लागतात. आजारपणात निरोप देणारा शेजारी तुम्हाला हवा आहे ना, तो असा मिळतो.

म्हातारपणाचाही विचार आतापासून करा, असे सुचवतो. बर्लिनमध्ये २०१२ पासून समलिंगी ज्येष्ठांसाठी, तरुण शेजाऱ्यांसह राहता येईल असे एक गृहसंकुल चालू आहे, पण अशा जागा जगात फार थोड्या आहेत; बहुतेकांना आपल्या साध्या वस्तीतच म्हातारे व्हायचे आहे.

उत्तर ५ (भाडेकराराचे काम)

"चुलतभाऊ" असे मुळीच लिहू नका. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पुढे करार मोडण्यासाठी मालकाच्या हाती आयते कारण येते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, आणि ब्राशी यांच्यासारखा प्रसंग आलाच तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल. शिवाय त्या घरात पहिल्या दिवसापासून एक खोटे नाते सांभाळत राहावे लागेल, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नावरून मला तरी वाटते की ते टाळण्यासाठीच तुम्ही एवढा शोध घेत आहात.

खोटे न लिहिताही बरेच काही मोघम ठेवता येते. बहुतेक अर्जांत "सहभाडेकरू" असे लिहिले तर ते खरे आणि पुरेसे असते. दोघेही भाडे देणार, दोघेही सह्या करणार, मालकाला कायद्याने याहून अधिक जाणून घेण्याची गरज सहसा नसते. तरीही मला विचाराल तर, जिथे कायदा तुमच्या बाजूने आहे आणि हातात दुसरे एखादे घर आहे, तिथे करारापूर्वीच साध्या शब्दांत सांगून टाकावे. "आम्ही जोडपे आहोत, अनेक वर्षे एकत्र राहतो, आधीच्या घरमालकांचे पत्र सोबत आहे" एवढे एक वाक्य बस होते. त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नये. ज्या मालकाला हे चालणार नाही तो अनामत देण्यापूर्वीच मागे हटलेला बरा. जिथे कायद्याचे संरक्षण नाही, किंवा तेच एक घर हाती आहे, तिथे सहभाडेकरू म्हणून सह्या करून राहायला जाणे यात काहीही गैर नाही, आणि तसे करणाऱ्या कोणालाही कमी धीट समजू नये.

दलालाविषयी : ज्याने तुम्हाला खोटे लिहायला सांगितले, त्याने मालकाशी याविषयी बोलून पाहिले आहे की केवळ स्वतःच्या अंदाजाने तसे सुचवले आहे, हे त्याला स्पष्ट विचारा. माझ्या पाहण्यात पुष्कळ वेळा मालकाला काही हरकत नसते आणि मध्यस्थच घाबरलेला असतो. शक्य असल्यास मालकाला एकदा स्वतः भेटा, दोघे मिळून भेटा, आणि भेटीला जाताना उत्पन्नाचे पुरावे, आधीच्या भाड्याच्या पावत्या आणि जुन्या घरमालकाचे पत्र घेऊन जा. घर सोडण्याच्या पूर्वसूचनेचे कलम त्याच भेटीत मागून घ्या, कारण एकदा सह्या झाल्या की ते मिळत नाही.